सांगलीहून स्वालबार्डला : छोट्या जहाजावरून ध्रुवीय प्राण्यांचे फोटो काढायचे तर

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं लग्नं, साखरपुडे, बारशी आणि पासपोर्ट फोटो, हाच धंदा. नवरदेवाला ‘मान जरा डावीकडे’ म्हटलं की तो मुकाट्याने वळवतो, याची सवय झालेली. २०२५च्या जुलैत एका डॉक्टर मित्राबरोबर स्वालबार्डला गेलो, बारा प्रवाशांच्या जहाजावर आठ रात्री काढल्या आणि ज्यांना काहीच सांगता येत नाही अशा गिऱ्हाइकांचे फोटो घेऊन आलो. तेव्हापासून आठवड्याला एक तरी जण दुकानात येतो आणि विचारतो, “लेन्स कुठली नेलेली?”

लेन्सचा नंबर फार खाली लागतो. त्याच्या आधी जे विचारायला हवं ते कुणी विचारत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला, ७४ ते ८१ अंशांच्या दरम्यानचा बेटांचा समूह. लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव, ७८ अंशांवर. जहाज तिथूनच सुटतं.

१. पैसे भरायच्या आधी अंतराचं गणित मांडा

१ जानेवारी २०२५पासून नॉर्वेने नियम कडक केले. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. जहाजावर असा, रबरी बोटीत असा की पायी, नियम तोच.

आता कागद-पेन्सिल घ्या. अस्वल साधारण अडीच मीटर लांब धरा. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने ३०० मीटरवरून ते सेन्सरवर उमटतं ५ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे फोटोच्या रुंदीचा जेमतेम सातवा भाग अस्वल, बाकी सगळा बर्फ. ५०० मीटरवरून तर बारावा भाग. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३०० मीटरवरून पाचवा भाग मिळेल, एवढाच काय तो फायदा.

अस्वलाच्या मिशा मोजता येतील असे जे फोटो आपण पाहिलेत, त्यातले पुष्कळसे जुन्या दिवसांतले किंवा दुसऱ्या देशातले आहेत. तसाच फोटो हवा असेल तर हे आठ लाख वाचवा. (माणशी एवढाच खर्च आला, विमानासकट, केबिन दोघांत.) पण पांढऱ्या पसाऱ्यात चाललेला एकटा जीव दाखवायचा असेल, तर पुढे वाचा.

२. महिना आणि जहाज

मे-जूनमध्ये बर्फ भरपूर, किनारे पांढरे, थंडी जास्त. पण अस्वलासाठी ५०० मीटरचा नियम लागू. जुलैत पक्ष्यांच्या कड्यांवर गर्दी आणि अंतर ३०० मीटर. मात्र समुद्रातला बर्फ उत्तरेला सरकतो, जमीन तपकिरी-हिरवी दिसते. ऑगस्टच्या शेवटी सूर्य पुन्हा मावळायला लागतो, रंग सुंदर मिळतात, पण कड्यांवरचे पक्षी पांगलेले असतात. आम्ही जुलै घेतला, पक्ष्यांसाठी.

लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही. फोटोवाल्याला ही चंगळ वाटते. तिसऱ्या दिवशी कळतं की आपण झोपलेलोच नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्याच.

संरक्षित भागात दोनशेपेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला आता प्रवेश नाही, म्हणून ‘छोटं जहाज’ म्हणून शंभर-दीडशे माणसांचंही विकलं जातं. बारा ते पन्नासमधलं बघा. डेक पाण्याजवळ असतो, त्यामुळे प्राणी नजरेच्या पातळीत येतो, आणि किनाऱ्यावर उतरायला पाळी लावावी लागत नाही. तोटा एकच, लाटांत असं जहाज जास्त हलतं. बुकिंगआधी विचारा: गाइड किती? ब्रिजवर, म्हणजे कप्तानाच्या खोलीत, प्रवाशांना येऊ देतात का? गमबूट जहाजावर मिळतात का, आणि आपल्या मापाचे आहेत का? जाड जॅकेट देतात का? शेवटचे दोन प्रश्न न विचारता आमच्या ओळखीतल्या एकाने मुंबईहून चाळीस हजारांची खरेदी केली आणि जहाजावर सगळं फुकट मिळालं.

३. कागदपत्रं

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. स्वालबार्डला कुठल्याच देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण तिथे जाणारं विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतं, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ऑस्लोत उतरलात की एक प्रवेश झाला. स्वालबार्डला गेलात की तुम्ही बाहेर पडलात. परत ऑस्लोत आलात की दुसरा प्रवेश. सिंगल एन्ट्रीचा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर अडकलात. आमच्या एजंटने अर्जात बिनधास्त सिंगल एन्ट्रीवर खूण केली होती. माझ्या डॉक्टर मित्राने औषधाची चिठ्ठी वाचावी तसा अर्ज वाचला म्हणून निभावलं.

जवळ ठेवायचे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा
- शेंगेन व्हिसा, दोन किंवा अनेक प्रवेशांचा (अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात गर्दी असते, लवकर करा)
- प्रवास विमा: व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा. जहाजाची अट वेगळी असते. हेलिकॉप्टरने हलवायचा खर्च पॉलिसीत आहे, हे शब्दांत लिहिलेलं बघा
- जहाजाचं बुकिंग, हॉटेल, परतीची तिकिटं, बँकेचं स्टेटमेंट, आयकर रिटर्न
- जहाजाने पाठवलेला तब्येतीचा फॉर्म
- कॅमेरा आणि लेन्सची बिलं, सिरियल नंबरांची यादी

शेवटच्या ओळीचं कारण. निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून सामानाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परत येताना ‘ही लेन्स बाहेरून आणली’ असं कुणी म्हटलं तर सिद्ध करायची पाळी तुमच्यावर. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात. सीएला आधीच सांगून ठेवा.

४. सामान

माझं सामान: दोन कॅमेरे, एक २००-६०० झूम, एक २४-१०५. बस्स. दुसरा कॅमेरा चैन म्हणून नेला नव्हता. तिथे वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर खारं पाणी उडवून घेणं. एकाच कॅमेऱ्यावर भागवायचं असेल तर १००-४०० बरी.

बाकी: चार बॅटऱ्या, पुष्कळ कार्डं, छोटी हार्ड डिस्क, पाणी न शिरणारी गुंडाळी-तोंडाची बॅग, कॅमेऱ्याचा रेनकोट, सुती फडकी दहा, दुर्बीण, मोठ्या झिप पिशव्या. बॅटऱ्या आणि पॉवर बँक हँडबॅगेतच. ट्रायपॉड नेऊ नका. इंजिनाची थरथर पायांतून थेट वर चढते. फ्लॅशही नको. ड्रोनचं तर नावच काढू नका.

आपल्या दोन गोल पिनांच्या चार्जरला तिथलं सॉकेट चालतं. तीन पिनांचा असेल तर अडॅप्टर लागेल.

कपडे थरांत. आत लोकरी किंवा थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं. जुलैत लाँगइयरब्येनला तापमान पाच-सात अंश असतं, महाबळेश्वरच्या कडक थंडीपेक्षा थोडंच कमी. पण चालत्या जहाजाच्या नाकावर अर्धा तास उभं राहिलात की आकडे विसरायला होतं. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. हातमोजे दोन जोड: आत पातळ, वर जाड.

आणि एक आपल्याकडचा मुद्दा. किनाऱ्यावर उतरण्याआधी गाइड तुमचे बूट, खिसे, वेल्क्रो तपासतात आणि व्हॅक्यूम मारतात, परक्या बिया तिथे रुजू नयेत म्हणून. माझ्या बॅगेच्या वेल्क्रोतून मायणीच्या माळावरची कुसळं निघाली. सगळं जहाज बघत होतं आणि मी चिमट्याने एकेक उपसत होतो. हे काम घरीच करून जा.

लाँगइयरब्येनला एक दिवस आधी पोचा, जहाज कुणासाठी थांबत नाही. माझी मोठी बॅग मधल्या विमानतळावर राहिली आणि जहाज सुटायच्या तीन तास आधी मिळाली. कॅमेरे, औषधं आणि थर्मलचा एक जोड हातात होता म्हणून झोप लागली. हँडबॅगेला सात-आठ किलोची मर्यादा असते. जड लेन्स सरळ जॅकेटच्या खिशात घालून चढलो.

गावात हॉटेलच्या दारात चपला-बूट काढायला लावतात, खाणकामगारांच्या काळापासूनची रीत. आपल्याला त्यात काही नवल नाही. मोजे फाटके नसावेत एवढंच.

५. तालीम सांगली-साताऱ्यातच होते

मी यावर तीन महिने घालवले आणि खरा फायदा इथेच झाला.

*कोल्ड स्टोरेज.* मेव्हण्याचा बेदाणा तासगावला कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. आत चार-पाच अंश, म्हणजे स्वालबार्डचा जुलैच. मालकाला विचारून एप्रिलमध्ये तासभर आत बसलो, हातमोजे घालून बटणं दाबत. तीन गोष्टी कळल्या. बॅटरी वाटली तेवढी उतरली नाही. बोटं मात्र वीस मिनिटांत दगड झाली आणि जाड मोज्यांतून फोकसचं बटण सापडेना. मग त्या बटणावर मी रबराचा एक ठिपका चिकटवला. तिसरी गोष्ट बाहेर आल्यावर कळली: तासगावच्या उन्हात लेन्स दुधासारखी पांढरी झाली आणि पाऊण तास तशीच राहिली. पुसाल तितकं पुन्हा दव धरतं. उपाय असा, की थंडीत असतानाच कॅमेरा झिप पिशवीत बंद करायचा, मगच उबेत आणायचा, आणि कॅमेरा खोलीइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर धरतं. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडली जातेच.

*बामणोलीची लाँच.* वासोट्याच्या पायथ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसा आणि काठावरच्या पक्ष्यांचे फोटो काढा. कठड्यावर कोपर टेकून काढलेला प्रत्येक फोटो हललेला आला. कोपर अंगाशी, गुडघे किंचित वाकवलेले, वजन दोन्ही पायांवर, शटर १००० किंवा वर (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). दोन फेऱ्यांत अंगवळणी पडतं.

*ट्रॅक्टरमागचे बगळे.* काळ्या रानात पांढरा बगळा आला की कॅमेरा काळ्याला बघून उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो. बर्फात बरोबर उलटं. सगळं पांढरं बघून कॅमेरा उजेड कमी करतो आणि बर्फ राखेसारखा येतो. म्हणून तिथे एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). रानात बगळ्यासाठी कमी करायला शिकलात की तिथे वाढवायला हात आपोआप जातो. फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर उजेड सुधारता येईल अशा मूळ फाइलमध्ये, काढा. कृष्णाकाठी नदी सुरय सूर मारतात, उडत्या पक्ष्याचा सराव त्यांच्यावर करा.

६. जहाजावर

पहिल्या रात्री गोळी घ्या, मळमळ सुरू व्हायच्या आधी. कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारा. माझे शेजारच्याच बंकवर होते आणि स्वतःच सगळ्यात आधी आडवे झाले. मला साताऱ्याच्या आलेपाकाने हात दिला. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. भडंग न्या, पण जहाजावरच खा. खायचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही.

प्राणी शोधणं हे खरं काम आहे. ब्रिजवर जाऊन दुर्बिणीतून बर्फ पट्ट्या-पट्ट्यांनी बघत राहायचं. अस्वल पांढरं नसतं, सायीसारखं पिवळट दिसतं. बर्फातला पिवळा ठिपका हलला की ओरडायचं नाही, गाइडच्या खांद्याला हात लावायचा.

माझी फजिती. रात्री दोनला स्पीकरवर आवाज आला, अस्वल दिसलं. थर्मलवर जॅकेट चढवून धावलो, पहिले चाळीस फोटो धडाधड काढले. आदल्या संध्याकाळी हिमनदीचा फोटो काढताना शटर ६०वर ठेवलेला, तो तसाच. चाळीसही हललेले. तेव्हापासून झोपण्याआधी कॅमेरा एकाच ठरलेल्या मांडणीवर आणून ठेवतो: शटर १२५०, एफ ७.१, आयएसओ ऑटो ६४००पर्यंत, एक्स्पोजर एक वर, फोकस सतत.

धुराड्याच्या मागे उभं राहू नका, गरम हवेतून फोटो पाणी ढवळल्यासारखा येतो. उन्हाच्या दिवशी लांबच्या बर्फावरही हवा अशीच थरथरते आणि लोक लेन्सला शिव्या देतात. ढगाळ दिवस चांगला. दार आपटायचं नाही, डेकवर धावायचं नाही. लोखंडावरचा पायांचा आवाज लांब जातो.

७. रबरी बोट आणि किनारा

बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे, कॅमेरा पाठीवरच्या बंद बॅगेत. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा धरायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं. मोजा निसटला तरी पकड सुटत नाही. बसूनच फोटो काढायचे. पुढचा कोपरा फोटोला छान दिसतो, पण पाणीही तिथेच उडतं. परतल्यावर ओलसर फडक्याने कॅमेऱ्याचं मीठ पुसा, मग कोरड्याने.

किनाऱ्यावर बंदूकधारी गाइडच्या मागेच. अस्वल नजरेत आलं की उतरणं रद्द, कुरकुर करायची नाही. हाड, शिंग, जुना खिळा, काहीही उचलायचं नाही; १९४६च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण तिथे कायद्याने जपलेली आहे. गंजक्या डब्यावर बॅग टेकवली म्हणून एकाला बोलणी बसली.

८. कुणाचा फोटो कसा

*गिलेमॉट.* हिनलोपन सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट नावाचा कडा आहे, शंभरेक मीटर उंच. ब्रुनिकचा गिलेमॉट हा काळा-पांढरा समुद्रपक्षी, त्याच्या साठ हजारांच्या आसपास जोड्या तिथे असतात. आवाज आणि वास दोन्ही अंगावर येतात. पहिली दहा मिनिटं कॅमेरा काढूच नका, वर बघा. टोपी घालून आणि तोंड मिटून. मग रुंद लेन्सने कडा आणि पक्ष्यांचे ढग घ्या. एकट्या पक्ष्यासाठी शटर २५००.

*वॉलरस.* लांब सुळ्यांचे हे अवजड समुद्रप्राणी किनाऱ्यावर घोळक्याने पडलेले असतात. समुद्रातून येणाऱ्या बोटीने त्यांच्या जागेपासून १५० मीटर लांब राहायचं असतं. पायी किती जवळ जायचं ते गाइड ठरवतो. वास आठ दिवस न झाडलेल्या गोठ्याचा. वारा आपल्या अंगावर येईल अशा बाजूने जायचं, म्हणजे त्यांना आपला वास लागत नाही. झोपलेल्या घोळक्याचा फोटो बटाट्याच्या पोत्यांसारखा येतो. एखादा सुळे वर करून शेजाऱ्याला ढोसतो, त्या क्षणासाठी थांबा. मी पन्नास मिनिटं थांबलो, ते चार सेकंदांसाठी.

*आर्क्टिक सुरय.* घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर चोच मारतो. तो सर्वांत उंच टोकावर मारतो, म्हणून हात डोक्याच्या वर धरा आणि मागे फिरा. तो चिडलाय म्हणजे आपणच चुकीच्या जागी आलोय. चिडलेल्या पक्ष्याचा फोटो घेत थांबणं हा हलकटपणा आहे.

*रेनडिअर आणि कोल्हा.* तिथला रेनडिअर आखूड पायांचा, गुबगुबीत. पाठलाग केला तर फक्त शेपूट मिळते. खाली बसा, स्वस्थ राहा, चरत चरत तो स्वतःच जवळ येतो. कोल्हा पक्ष्यांच्या कड्याखाली शोधा, पडलेल्या पिल्लांसाठी तो तिथेच फिरतो.

*अस्वल.* आम्हाला आठ दिवसांत तीन दिसली. दोन इतकी लांब, की मेमरी कार्डाला पत्ता लागला नसता. तिसरं सव्वाचारशे मीटरवर, बर्फाच्या तुकड्यावरून तुकड्यावर चाललेलं. सगळे ६०० मिलिमीटरवर खिळलेले. मी दुसरा कॅमेरा उचलला, २४-१०५ वाला, आणि मागची हिमनदी, राखी आकाश, काळं पाणी असं सगळं घेतलं. त्यात अस्वल तांदळाच्या दाण्याएवढं आहे. बरा आलेला फोटो तोच.

वाटेत न्यू-ऑलेसुंद हे संशोधकांचं गाव लागलं तर, भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८पासून तिथेच आहे. गावाच्या वीस किलोमीटर परिसरात वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायला सांगतात, मोजणीच्या उपकरणांत अडथळा येतो म्हणून. लोक मोबाईल बंद करतात आणि कॅमेऱ्याचं ब्लूटूथ विसरतात.

९. रोज रात्री आणि परत आल्यावर

रोज रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा, कितीही झोप आली तरी. जहाजावर इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. कार्डं पुसायची नाहीत, घरी येईपर्यंत तशीच.

परतताना एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि बिलं वरच्या खिशात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. सांगलीत आल्या आल्या कॅमेरे सिलिका जेलच्या डब्यात टाका, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते. थंडीला टिकलेली लेन्स श्रावणात गेलेली मी दुरुस्तीला आलेली पाहिलीय.

मी ७,४०० फोटो आणले. महिनाभर निवडत होतो, ३१ ठेवले. तांदळाच्या दाण्याएवढ्या अस्वलाचा फोटो चार फूट रुंद छापून दुकानात लावलाय, पासपोर्ट फोटोवाल्यांच्या बाकड्यासमोर. आधी विचारतात, “नुसता बर्फ का लावलाय?” मग नंबर येईपर्यंत शोधत बसतात.